राखणदाराच्या ओळीतले नाव

शिन्चू शहराच्या विज्ञान-उद्यानातील एका कंपनीत फान क्वो-श्यांग यांनी सतरा वर्षे एकाच विषयाची उपासना केली होती. एखादा फोन वायफायच्या कक्षेत आला, की वायफाय चालवणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, त्याच्या नावे एक नोंद जन्म घेते. आधी ओळख पटते, मग प्रवेश मिळतो, मग गुप्त किल्ली दिली जाते. आणि फोन निघून गेला, की हे सारे उलट्या क्रमाने आवरावे लागते. या आवराआवरीत प्रमाद घडला, तर गेलेल्यांच्या नोंदी जागा अडवून बसतात आणि आलेल्याला दार उघडत नाही.

ड्रायव्हरच्या प्रत्येक भागाचा राखणदार कोण, याची एक जाहीर यादी असते व हा ड्रायव्हर वापरणारे जगभरचे जाणकार ती वाचतात. नोंदींच्या भागापुढे सतरा वर्षे फान यांचेच नाव होते. त्यांच्या घरच्या भिंतीवर एकही प्रशस्तिपत्र नव्हते. ती एक ओळ त्यांना पुरेशी होती.

त्या शरदात एका शाळेची तक्रार आली: तास बदलून मुले दुसऱ्या वर्गात गेली, की त्यांचे फोन वायफायला जोडले जात नाहीत. फान यांनी दोन आठवडे खपून उपाय सिद्ध केला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या, ताइनानहून आलेल्या ज्यान यी-रुंगने चार दिवसांत दुसरा केला, आणि तोही फान यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतका लहान.

"फानदादा, तुमचा उपाय चालतो, नाही असं नाही," विभागप्रमुख लोसाहेब म्हणाले. "पण हिचं वाचलं की दुरुस्ती केलीय असं वाटतच नाही. मुळात तसंच असणार असं वाटतं. शुक्रवारी ड्रायव्हरमध्ये तिचंच घालू. आणि ते नीट चाललं, की यादीत राखणदार म्हणूनही तिचं नाव. तुम्हाला तरी किती वर्षं जुंपून ठेवायचं?"

"मी अजून म्हातारा झालो नाही, साहेब."

"तसं कुठं म्हटलं मी?"

गुरुवारी दुपारी डबे उघडले गेले. शेजारच्या मेजावरची छू फान यांच्या हाताकडे पाहत राहिली.

"दादा, त्या मांसाच्या तुकड्यानं काय घोडं मारलंय तुमचं? किती भोसकाल? आणि तुम्हीच शिकवलंत ना तिला, मग मिरवा की!"

"मिरवतोच आहे," फान म्हणाले आणि डबा मिटवला.

जेवणानंतर नेहमीप्रमाणे दिवे मालवले गेले व सारे कार्यालय मेजांवरच्या उशांवर डोके टेकून निद्राधीन झाले. फान यांनी मात्र यी-रुंगची दुरुस्ती उघडली. मत्सर विद्वानाच्या ठायी प्रकटला, की विलक्षण सूक्ष्मदृष्टी घेऊन येतो. खिडकीवर वारा आपटत होता आणि ते एकेक ओळ चाळणीतून गाळावी तशी वाचत होते. अखेर सापडले! वीज वाचवण्यासाठी फोन मधूनमधून झोपतो. तेवढ्या काळात त्याचे निरोप रांगेत राखले जातात. असा झोपलेला फोन निघून गेला, तर यी-रुंगची दुरुस्ती त्याची नोंद पुसत होती. रांग मात्र तशीच. पुढे कोणी त्यातला निरोप उचलला, की वायफायचे यंत्र पुसलेल्या नोंदीकडे धावणार आणि कोसळणार.

फान यांना कित्येक दिवसांनी खरी भूक लागली. मिटवलेला डबा त्यांनी अंधारातच संपवला. बोलायचे नाही, असे त्यांनी ठरवले. उद्या हे जाऊ दे. शाळेतली वायफायची यंत्रे बंद पडू देत. मग लोसाहेब कोणाच्या मेजापाशी येतील?

परंतु चार वाजता दुरुस्ती रीतसर त्यांच्याकडेच आली. राखणदाराने खाली "वाचून पाहिले" असे लिहून नाव घातल्याखेरीज ती पुढे जात नसे. फान यांनी नाव टंकले. पुसले. पुन्हा टंकले. सतरा वर्षांत न वाचलेल्या किंवा न पटलेल्या कामाखाली ते कधी उमटले नव्हते. दूरदेशीचे लोक तेवढ्यावर विसंबून बदल स्वीकारत. जे नाव राखण्यासाठी हा खटाटोप, तेच आज खोट्याखाली जाणार होते. दुसऱ्यांदा पुसून ते उठले आणि यी-रुंगच्या मेजापाशी गेले.

"झोपलेला फोन निघून गेला, तर त्याची रांग कोण रिकामी करणार? तुझी आई?"

यी-रुंगने पडद्यावर बोट फिरवले. तिचा चेहरा उतरला. "बापरे, दादा! अख्खी शाळा बसली असती."

"बसलीच असती."

"कधी दिसलं तुम्हाला?"

"दुपारी."

"आणि सांगताय आत्ता? पाच वाजले!"

तिने क्षणभरच त्यांच्याकडे पाहिले आणि मान वळवून कामाला लागली. आधी रांग रिकामी, मग ती नोंद वापरणाऱ्या सर्वांचे हात निघेपर्यंत थांबणे, मग नोंद पुसणे. खाली तिने स्वतःच एक ओळ जोडली: "दोष दाखवला: फान क्वो-श्यांग." फान यांनी सर्व पुन्हा वाचले आणि आपले "वाचून पाहिले" लिहिले. या वेळी पुसले नाही.

दहा दिवस शाळेतून तक्रार आली नाही. फान रोज वाट पाहत होते.

अकराव्या दिवशी राखणदारांच्या यादीतला बदल त्यांच्या संमतीसाठी आला: एक ओळ गाळलेली, एक घातलेली. त्यांनी तो चार वेळा वाचला. दोष नव्हता. यी-रुंग मागे येऊन उभी राहिली.

"दादा, माझ्या खाली तुमचं नाव ठेवू का?"

"स्वतःला दुसऱ्या ओळीत वाचायची सवय नाही मला."

"मग पहिलीच ठेवा. मी थांबते दोन वर्षं. खरंच."

ती मनापासून बोलत होती, हे त्यांना स्वच्छ दिसले, आणि त्याचाच अधिक संताप आला. त्यांनी संमती लिहिली व पाठवून दिली.

"थांबायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "पण तुझी ती आवराआवर मी आणखी सुटसुटीत लिहिली असती."

"कशी?" तिने उत्साहाने खुर्ची ओढली.

फान यांनी तिची दुरुस्ती उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेले. त्यांना काहीही सुचेना, आणि ती शेजारी बसून राहिली होती.