समईखालचे बूट

सामंतकाका पहिल्यांदा आमच्या मस्कतमधल्या हमरियाच्या घरी आले, तेव्हा बायकोनं कौतुकानं लग्नाचा अल्बम पुढे केला. डोळ्याला भिंग लावून ते म्हणाले, "ह्या दोघांच्या मध्ये जागा का? कोणाला काढलं?" तिथून माझे मामा रुसून उठून गेले होते. वीस वर्षं आम्ही ते झाकून ठेवलं होतं.

काका कुडाळचे, इथे लेकीकडे राहत. तरुणपणी मुंबईच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. तिथे सोव्हिएत सरकारच्या सांस्कृतिक मासिकाची मराठी आवृत्ती छापली जाई. आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो, तो गुळगुळीत कागद. फोटो मॉस्कोहून तयार यायचे.

"एकदा बागेत बसलेले सात कवी आले," काका सांगत. "चार वर्षांनी तोच फोटो, सहा कवी नि एक कुंडी. मालक म्हणाले, कुंडी छान आहे, पुढे चला. मी 'ठीक' लिहून सही केली. सातव्याचं नाव आता आठवत नाही रे."

तेव्हापासून ते कशालाच ठीक म्हणत नसत. मत्रहच्या बाजारातल्या ताज्या सुरमईलाही नाही.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचा संपादक मी. दुसरं कोणी तयार नव्हतं. गणपतीची रोषणाई करणारे वसईचे डिमेलो सभेत बोलून गेले, की नाटकातल्या भूमिका कार्यकारिणीच्या घरातच वाटल्या जातात. लगेच अध्यक्षांचा फोन: "ग्रुप फोटोतून त्याला उडवा. खलास." मी आज्ञाधारक. मोबाइलवर डिमेलोंच्या जागी पितळी समई उभी केली आणि मुद्रितं तपासायला काकांकडे नेली.

काकांनी भिंग टेकवलं. "मेल्या, समईनं बूट कधीपासून घातले?"

डिमेलोंचे बूट पुसायचे राहिले होते.

"जागा कमी पडत होती, काका."

"म्हणून समई? डिमेलोला विचारलंस?"

"त्यांच्या लक्षातही येणार नाही."

काकांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "मग 'ठीक' तूच लिही. नि मुद्रितशोधक म्हणून माझं नाव अंकातून काढ."

तीन दिवस ते पेन उचलवेना. शेवटी मूळ फोटो छापला. अंक वाटला त्याच संध्याकाळी माझं संपादकपद गेलं. डिमेलोंना यातलं काहीच ठाऊक नाही. फोटोत पोट फार दिसतंय, एवढीच त्यांची तक्रार.

पुढच्या महिन्यात काका कायमचे कुडाळला निघाले. विमानतळावर मी जरा फुशारकीनंच विचारलं, "आता तरी विश्वास बसला ना माझ्यावर?"

"पटलं म्हणून छापलंस, की मला घाबरून?"

मी तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. "थांब. लगेच दिलेलं उत्तर खोटं असतं."

दोन महिन्यांनी त्यांच्या लेकीचा फोन आला, काका गेले. माझं उत्तर अजून तयार नाही.