समोरच्या खोलीतला कापूस आणि दोन कार्डं

आमचं गाव अमडापूरहून थोडं आत आहे. तिथल्या घराच्या समोरच्या खोलीत बसून मी पुण्याच्या बिल्डरांच्या इमारती काढायचो. काढायचो म्हणजे कॉम्प्युटरवर. तिकडे अजून पायाही खणलेला नसायचा. माझ्या पडद्यावर मात्र बाल्कनीत कुंड्या, खाली हिरवळ, पोहायचा तलाव आणि त्या पाण्यावर ऊन असं सगळं तयार असायचं. मग त्या इमारतीतून कुणी कॅमेरा घेऊन फिरतंय अशी छोटी फिल्म करायची. पुण्यातली नोकरी सुटल्यावर मी गावी परत आलो होतो, आणि जुन्या ऑफिसातल्या एका साहेबांनी घरून करण्यापुरतं हे काम देऊ केलं होतं.

अशा फिल्ममधलं एकेक चित्र कॉम्प्युटर स्वतः रंगवतो. त्याला रेंडर म्हणतात, आणि रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. माझ्याकडे एकच कार्ड होतं आणि काम वेळेत होईना. म्हणून औरंगाबादहून त्याच जातीचं दुसरं, कुणीतरी वापरून विकलेलं कार्ड आणलं आणि त्याच डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत, पहिल्याच्या खाली बसवलं. दोघांनी काम वाटून घेतलं की निम्म्या वेळात मोकळं, असा माझा हिशेब.

डबा सुरू केला. दोन्ही कार्डांचे पंखे फिरले, दोन्हींची नावं पडद्यावर दिसली. मी रेंडर लावला, मायनं आणलेला चहा हातात घेतला, आणि पडदा काळा झाला. पंखे फिरत होते, दिवा लागलेला होता, पण पडद्यावर काहीच नाही. बंद करून पुन्हा सुरू केला तर खालचं कार्ड यादीतून गायब. एक बाहेर काढलं तर दुसरं निमूट काम करी. ते काढून पहिलं लावलं तर तेही करी. दोन्ही सोबत बसवली की काही वेळानं अंधार.

इंटरनेटवर लोकांनी सांगितलेलं सगळं केलं. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे जुने ड्रायव्हर, मुळासकट काढून नवे टाकले. वरचं कार्ड खाली, खालचं वर. विजेच्या वायरी बदलून पाहिल्या. कधी वरचं जायचं, कधी खालचं. एकदा तर दोन्ही अख्खी दुपार चालली आणि मी ‘जमलं’ म्हणून पुण्याला फोनही केला. फोन ठेवायला आणि पडदा जायला एकच गाठ पडली.

त्या वर्षी आमच्या भागात गुलाबी बोंडअळी आली होती. बीटीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचं नावच काढायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं गेलं होतं, आणि कैक वर्षं तसं घडलंही होतं. आता पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, वरून हिरवीगार दिसायची. बोंडं भरलेली दिसायची. बाबा वावरातून येताना एक-दोन बोंडं खिशात घालून आणत, ओट्यावर बसून नखानं फोडत आणि आतली गुलाबी अळी तळहातावर घेऊन बघत बसत. फवारणी केली, पुन्हा केली. अळी बोंडाच्या आत असते, औषध बाहेर राहतं. शेवटी अर्ध्या वावरात ढोरं सोडावी लागली.

त्याआधी वेचलेला चांगला कापूस तेवढा हाती लागला होता. पीकच कमी आलंय तर भाव चढणार, असं गावात सगळेच म्हणत होते, म्हणून बाबांनी तो विकला नाही. घरात कोरडी जागा एकच, समोरची खोली. कापूस आढ्यापर्यंत चढला. एका कोपऱ्यात माझं टेबल, खुर्ची आणि पंखे लावलेला तो डबा. मी बसलो की पाठीला कापूस लागायचा. आठवड्याभरात घरात सगळ्यांना खाज सुटली. माय गळ्याला खोबरेल लावून फिरायची आणि ओसरीवर झोपायची.

बाबा माझ्या कामाबद्दल फार विचारत नसत. पण पडदा काळा झाला की मी जो सुस्कारा टाकायचो तो त्यांना ओसरीवर ऐकू जायचा. ते दारात येऊन उभे राहत.

“पुन्हा गेलं?”

“हाव.”

“काऊन जाते ते?”

“समजून नाही राह्यलं बाबा.”

“एक एकटं चालते, अन् दोघं सोबत नाही चालत?”

“हाव.”

ते थोडा वेळ डब्याकडे बघत उभे राहत आणि परत जात. अळीपुढे त्यांना काही सुचत नव्हतं आणि या डब्यापुढे मला. एका घरात राहून आम्हाला एकमेकांना सांगता येण्यासारखं काहीच नव्हतं.

शेवटी डबा मेहकरला न्यायचं ठरलं. बसस्टँडच्या मागे एका भाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस पन्नाशीचा, अबोल, आणि समजलं नाही तर समजलं नाही असं तोंडावर सांगणारा. बाबांना मेहकरला दुसरं काम होतं म्हणून तेही आले. डबा पोत्यात गुंडाळून त्यांनी बसमध्ये मांडीवर धरला.

भाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही कार्डं तशीच ठेवली आणि रेंडर लावला. आम्ही बाकावर बसलो. बाबा आपलं काम करून परत आले तरी रेंडर सुरूच. भाईंनी दुपारची नमाज पढून घेतली, आम्ही भाकरी खाल्ली. एकामागून एक चित्रं तयार होत होती. पडदा एकदाही गेला नाही.

“इथं तं मस्त चालून राह्यलं भाऊ,” भाई म्हणाले. “मी काय दुरुस्त करू?”

मग त्यांनी डबा उघडला, बॅटरी मारून आत बघितलं आणि चिमट्यानं वरच्या कार्डाच्या पंख्यातून एक पांढरा बोळा ओढून काढला. खालच्या कार्डातून दुसरा. तळहातावर ठेवून आमच्यापुढे धरला.

“हे काय होय?”

“कापूस होय,” बाबा म्हणाले.

“घरात ठेवला का?”

“हाव.”

“मग कार्डं तापतील नाही तं काय? घरी कापसात याले हवाच मिळत नसंन, इथं मोकळं आहे म्हून चाललं. पक्कं नाही सांगत मी, पण मले हेच वाटते. एक कार्ड असलं तं चालून जाते. दोन्ही तापले की बंद.”

खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कारण हातात आलं होतं, तेही बोटांनी धरता येईल असं. परतीच्या बसमध्ये मी एकटाच बोलत होतो. डब्याला बारीक जाळी लावू, टेबल खिडकीशी सरकवू, रोज ब्रशनं साफ करू. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी पऱ्हाटी वाळत होती.

दुसऱ्या दिवशी जाळी आणायला मी चिखलीला गेलो. परत आलो तर दारात मिनीट्रक उभा होता. गावोगाव फिरून कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याचा. अंगणात तीन बल्ल्यांच्या तिकाटण्याला वजनकाटा टांगलेला, एक माणूस ट्रकमध्ये कापूस तुडवून दाबत होता आणि बाबा खोलीतून गाठोडी बांधून बाहेर आणत होते. माय दारात उभी होती. तिनं माझ्याकडे फक्त बघितलं.

“बाबा, हे काय करून राह्यले?”

“पाहूनच तं राह्यला तू.”

“भाव यायचा आहे अजून. तुम्हीच म्हणत होते.”

“येईन नाही तं नाही येणार. त्या खोलीत तुयं काम होत नाही.”

“मी जाळी आणली आहे.”

“राहू दे ती.”

मी व्यापाऱ्याला म्हणालो, थांबा जरा. तो बाबांकडे बघत राहिला. बाबांनी पुढचं गाठोडं काट्याला अडकवलं. माझ्या हातात जाळीची गुंडाळी होती, आणि ती कुठे ठेवावी हेही मला कळत नव्हतं. मग मी आत जाऊन गाठोडी उचलू लागलो. दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. मायनं दोनदा झाडली, भिंतींवरून ओला फडका फिरवला. किती दिवसांनी तिथली फरशी दिसली. मी डबा नीट साफ करून मांडला. बाबा हातपाय धुऊन आले आणि खुर्ची नको म्हणून खालीच बसले. त्यांना बघायचं होतं.

रेंडर लागला. पोहायच्या तलावाचं एक चित्र पूर्ण झालं, मग दुसरं. बाबांनी विचारलं, “एवढं पाणी कुठून आणतात?” मी सांगितलं, टँकरनं असेल. ते हसले. माय पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. आणि आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर पडदा काळा झाला.

पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मग बाबा हळूच म्हणाले, “आता तं कापूस नाही.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

त्यानंतर आम्ही विजेच्या मागे लागलो. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या गावात बल्ब पिवळा पडायचा, आणि डब्याला हात लावला तर कधीकधी मुंग्या यायच्या. भाई फोनवर म्हणाले, घराले अर्थिंग नसंन, करून पाहा. बाबांनी घरामागे स्वतः खड्डा खणला. मी म्हणत होतो माणूस लावू, ते ऐकेनात. तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ टाकलं, पाणी ओतलं. मुंग्या यायच्या थांबल्या. स्टॅबिलायझर बसवला. मग दोन दिवस दोन्ही कार्डं सोबत चालली. त्या दोन दिवसांत बाबा वावरात जाताना आणि येताना दारातून डोकावून जात आणि मी मान हलवली की पुढे जात. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पडदा काळाच होता. मी मान हलवली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पुण्याच्या साहेबांचा फोन आला. ते वाईट बोलले नाहीत. “अहो, तुमची अडचण समजते मला, पण क्लायंटला मी काय सांगू?” म्हणाले. मी त्यांना कार्डाचं, विजेचं, अर्थिंगचं सांगू लागलो. मध्येच त्यांनी विचारलं, “अर्थिंग म्हणजे तुम्ही स्वतः खड्डा खणलात?” मी हो म्हणालो. मग ते म्हणाले, हे काम मी दुसरीकडे देतो, पुढचं काही छोटं असेल तर नक्की कळवतो.

मी शेवटचं म्हणून डबा पुन्हा मेहकरला नेला, या वेळी एकटाच. भाईंनी आपल्याकडचा मोठा पॉवर सप्लाय लावून बघितला. रेंडर सुरू केला आणि आम्ही बाकावर बसलो. थोड्याच वेळात, त्यांच्या दुकानात, त्यांच्याच टेबलावर, पडदा काळा झाला. जिथे पहिल्यांदा दिवसभर चालला होता, तिथेच.

भाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“आता मले काहीच समजून नाही राह्यलं,” ते म्हणाले. “कापसाचं मी बोललो होतो तुमच्या बाबांपुढे. ते मले चुकीचंच वाटून राह्यलं आता.”

बाबांनी कापूस विकल्याचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. म्हणालो, “पंख्यात कापूस तं होताच ना भाई.”

“होता,” ते म्हणाले. “पण होता म्हणून तेच कारण, असं थोडंच असते.”

कापसाचा भाव पुढे वाढला. फार नाही, पण वाढला. मोबाइलवर मी रोज सकाळी बघायचो आणि वाढू नये असं मला वाटायचं. मग शेजारच्या घरात अजून आढ्यापर्यंत भरलेला कापूस आठवायचा आणि असं वाटल्याचीच लाज वाटायची. आमच्या घरात भावाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मायची खाज गेली, ती आत झोपू लागली. हे एक तेवढं चांगलं झालं.

मी खालचं कार्ड काढून ठेवलं आणि एकाच कार्डावर जमेल ते करू लागलो. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, आणि कधीमधी पुण्याहून एखाद्या छोट्या फ्लॅटची दोन-तीन चित्रं. पुढच्या हंगामात बाबांनी अर्ध्या वावरात सोयाबीन पेरलं आणि अर्ध्यात पुन्हा कापूसच लावला. मी विचारलं, पुन्हा कापूस कशाला? ते म्हणाले, “मंग काय लावू?”

पावसाळ्यात एकदा भाईंचा फोन आला. दुसरबीडहून एकानं अगदी तसंच मशीन आणलं होतं. दोन कार्डं, सोबत लावली की पडदा काळा.

“म्हून फोन केला,” ते म्हणाले. “तुम्ही शेवटी काय केलं होतं?”

“एक काढून ठेवलं भाई.”

“बस?”

“बस.”

मागे त्यांच्या दुकानाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“हाव,” ते म्हणाले. “मीबी त्यायले तेच सांगतो मग.”