धनेशाची ढोली

आत्या सासरहून, उमरेडहून, कायमची आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. तिचा नवरा आदल्या वर्षी वारला होता, मूलबाळ नव्हतं. घरात तिला कुणी काही म्हणत नसे आणि तीही कुणाशी फारसं बोलत नसे. आमचं विणकराचं घर. पुढच्या खोलीत दोन हातमाग, मागे अंगण आणि अंगणात जुना कडुनिंब.

निंबाच्या खोडात बरीच वर ढोली होती. कधीतरी फांदी मोडली, तिथलं लाकूड कुजत गेलं आणि पोकळी झाली. त्या चैत्रात धनेश पक्ष्यांच्या जोडीने ती पकडली. मादी आत शिरली आणि तिने आतूनच तोंड लिंपत आणलं. शेवटी बोटभर फट तेवढी उरली.

दुपारी माग थांबत, घर झोपी जाई. आत्या मागच्या दारात रहाट घेऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसे. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडे. रहाटाची घरघर, पांढरंफटक ऊन, आणि त्यात कुठून तरी नर तरंगत येई. खोडाला बिलगून तो गळ्यातून एकेक उंबर काढी आणि फटीत धरी. आतून चोच येई, उंबर घेई, पुन्हा अंधार. मला झोप लागे आणि झोपेतही उंबरं जात राहत. जागी झाले की आत्या हळूच सांगे, "आताच येऊन गेला, वं. आज पाल आणली होती त्यानं."

तिच्या तोंडून एवढी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

वैशाखात बाबांनी तिसऱ्या मागासाठी मागे खोली काढायचं ठरवलं. निंब आडवा येत होता. एका सकाळी दोन लाकूडतोडे दोर आणि कुऱ्हाडी घेऊन आले. आत्या रहाट सोडून उठली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"महिनाभर थांब गा, भाऊ," ती म्हणाली. "आत पिलं आहेत."

"पावसाच्या आधी भिंती उभ्या नको का व्हायला? पाखरापायी काम थांबवू?"

"मी आल्यापासून तुले काही मागतलं नाही. आज मागून राहिली."

बाबांनी आईला चहा ठेवायला सांगितला. लाकूडतोडे चहा पिऊन गेले.

त्यानंतर काही दिवसांनी मादीने लिंपण फोडलं आणि ती बाहेर आली. पिसं विस्कटलेली, शेपूट चुरगळलेलं. ती फांदीवर नुसती बसून राहिली. उडणं आठवत असल्यासारखी. मला वाटलं, आता पिलंही येतील. पण त्यांनी आतून तोंड पुन्हा फटीपुरतं लिंपून घेतलं.

"काहून बंद केलं, आत्या?"

"त्याइची तयारी नाही झाली अजून," आत्या म्हणाली. "होईल तेव्हा येतील."

आता पिलांचे आई-बाप दोघंही उंबरं आणू लागले. मृगाच्या तोंडावर एका सकाळी बाबाच धावत आत आले आणि "बाई, चल लवकर," म्हणत आत्याला हाताला धरून अंगणात घेऊन गेले. लिंपण फुटलेलं होतं. एक पिलू काठावर बसून मान वाकडी करून आमच्याकडे पाहत होतं. मग ते सुटलं, कौलांवर धडपडलं आणि शेजाऱ्याच्या पिंपळात शिरलं. दुसरं पिलू दिवस कलता कलता गेलं. आत्या तोवर जेवली नाही आणि तिला कुणी जेवायला हाकही मारली नाही.

निंब दिवाळीनंतर पाडला. बाबांनी आधी तिला विचारलं होतं. ती हो म्हणाली. नव्या खोलीतला माग तिनेच चालवायला घेतला. बायका तेव्हा आमच्याकडे कांड्या भरत, मागावर बसत नसत. सुरुवातीला तिचा धागा सारखा तुटे. बाबा शेजारी बसून गाठ मारून देत आणि दोघं बहीण-भाऊ तिच्या उमरेडच्या बाजाराच्या आणि दोघांच्या लहानपणीच्या गोष्टी करत बसत.