खोडरबर आणि वळणावरचे तीन दिवे

काचवाल्याला अख्खं गाव खोडरबर म्हणायचं, आणि ते त्याच्या तोंडावर.

धंदा खिडक्यांच्या काचांचा, आरशांचा, दुकानांच्या दर्शनी काचांचा. नाद मात्र भुतांचा. भुतं बघायचा नव्हे, पुसायचा. कुणाच्या माळ्यावर रात्री कुणी चालतंय, कुणाच्या विहिरीवर रडणं ऐकू येतंय, कुणाला आभाळातून उतरलेली तबकडी दिसली, असं कानावर आलं की हा हातातली काच भिंतीला टेकवून निघालाच. परतेपर्यंत भुताचं काही शिल्लक ठेवायचा नाही. माळ्यावर घूस निघायची, रडणारी बाई म्हणजे गंजलेली कप्पी निघायची, अन् तबकडी म्हणजे कुणीतरी पतंगाला बांधून सोडलेला कंदील. वर घरच्यांना ऐकवायचा, "तुम्हाला काही दिसलेलंच नाही. वाटलं तुम्हाला." लोक तरी काय करतील? तो गल्लीत शिरला की ओरडायचे, "भुतं आवरा रे, खोडरबर आला!"

तपासाची त्याची एक रीत होती. साक्षीदार एकेकटा गाठायचा, त्याला पोटातलं सगळं ओकू द्यायचं आणि आपण एक शब्द पुरवायचा नाही. "गोल होती का, असं विचारलंत की संपलं," तो म्हणायचा. "समोरचा गोलच सांगणार. नाही म्हणणं माणसाच्या जिवावर येतं." त्याचं लग्न या रीतीपायीच राहिलं, असं त्याची भावजय सांगायची. मुलगी बघायला गेला आणि मुलीला एका खोलीत, तिच्या आईला दुसऱ्या खोलीत बसवून दोघींना तेच तेच प्रश्न विचारत बसला. चहासुद्धा मिळाला नाही म्हणे.

तो राहायचा धाकट्या भावाकडे. भाऊ बसचालक. बोलायला कमी, हाताला स्थिर. त्याच्या गाडीत म्हाताऱ्या निवांत डुलक्या घ्यायच्या. त्याच भावानं एका दिवेलागणीला गावाबाहेरच्या वळणावर भरली बस खड्ड्यात घातली. मेलं कुणी नाही. टेंगळं, खरचटलेली कोपरं, एकाचं मनगट.

खोडरबर दवाखान्यात धावला. भावाच्या डोक्याला पट्टी, पण शुद्धीत होता.

"दादा, वरून काहीतरी उतरलं. थेट माझ्यावर आलं. तीन दिवे. दोन खाली, एक वर. मी नसती वळवली तर धडकलंच असतं."

"डुलकी लागली असेल."

"दादा," भाऊ म्हणाला, "मला दिसलं."

आता दुसरं कुणी असतं तर खोडरबरानं आपलं नेहमीचं 'वाटलं तुम्हाला' म्हटलं असतं. ते त्याच्या तोंडात येऊन बसलं होतं. पण हा त्याच्या कडेवर वाढलेला भाऊ. खोडरबर तसाच बाहेर आला. बाकांवर मुका मार लागलेले प्रवासी बसले होते. त्यांच्यासमोर उभा राहून त्यानं बोटानं हवेत तीन ठिपके काढले, दोन खाली, एक वर, आणि सगळ्यांना एकदमच विचारलं, "असंच होतं ना? वरून उतरलं ना?"

प्रवाशांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक मान हलली, मग दुसरी, मग सगळ्या.

पुढं काय व्हायचं ते झालं. गाव उठलं. लोक भावाला बघायला यायला लागले, कुणी वळणावर जाऊन जळालेलं गवत शोधलं, कुणाला ते सापडलंही. पण आगाराच्या साहेबांनी भावाला बोलावलं आणि सोबत खोडरबराला.

"दारू नव्हती, ते तपासलंय," साहेब म्हणाले. "पण हे बघा. बसच्या मागच्या बाकावर पाठ करून बसलेला माणूससुद्धा दोन खाली एक वर म्हणतोय. सगळ्यांचं तोंड एक. हे यांना पढवलं कुणी?"

खोडरबरानं हवेत ठिपके काढलेलं बोट मुठीत दडवलं.

"आठवडाभर थांबतो. दुसरं काही आलं नाही तर झोप लागली म्हणून लिहिणार. मग स्टिअरिंग विसरायचं."

घरी आल्यावर भावजयीनं ताट वाढलं आणि ते त्याच्यापुढं जरा जोरातच ठेवलं. "भाऊजी, गावाची भुतं पुसत फिरलात. आमच्याच घरी तेवढं नवीन काढून दिलंत."

तेव्हापासून खोडरबराचं बूड जमिनीला टेकेना. जेवता जेवता उठायचा. काचा बसवायच्या पुट्टीचा गोळा हातात घेऊन वळत बसायचा, तो वाळून दगड व्हायचा तरी सोडायचा नाही. मापं चुकायला लागली, दोन खिडक्यांच्या काचा बोटभर आखूड कापल्या. सकाळी वळणावर, दुपारी वळणावर, दिवेलागणीला पुन्हा वळणावर. तिथं होतं काय? सरळसोट रस्ता, आणि तो वळतो तिथं बरोबर समोर फर्निचरचं नवं दुकान. सोफ्यांवर लख्ख दिवे. दुकानाची दर्शनी काच यानंच बसवली होती, भिंतीएवढी. रस्त्याची चमक आत येऊ नये म्हणून मालकाच्या सांगण्यावरून वरची कड थोडी रस्त्याकडे झुकवून. काचेला तडा नाही ना, एवढं दर वेळी बघायचा, आणि मग मान वर करून आभाळ बघायचा.

आभाळ रिकामंच असायचं.

चौकशी करून करून त्याला कळलं की एक प्रवासी दवाखान्यातल्या त्या बाकांवर नव्हतीच. अगदी पुढच्या सीटवरची शिवणकामवाली म्हातारी. तिला तिची लेक परस्पर घरी घेऊन गेली होती. तिच्या दारात पोचेपर्यंत त्यानं स्वतःला बजावलं होतं: तोंड उघडायचं नाही.

म्हातारी मशीनवर होती. "बस रे. गणवेशांवर पोरांची नावं काढतेय, हात थांबवता येत नाही. काय पाहिजे?"

"त्या दिवशी काय झालं, एवढंच सांगा."

"उजेड आला अंगावर, आणि आपण खड्ड्यात."

त्यानं एक शब्द पुरवला नाही. खिशातला पुट्टीचा गोळा मात्र वळत राहिला.

"आणि त्याच्यावर लिहिलेलं होतं," म्हातारी म्हणाली. "वरच्या दिव्यापाशी. पण आपलं नव्हे ते. कुठल्या लोकातली अक्षरं होती देव जाणे. लेकीला सांगितलं तर म्हणाली, आई, वेड्यात काढतील. तू सुद्धा हसणार असशील तर आत्ताच हस."

"नाही हसत. काढून दाखवाल?"

तिनं शिवणाचा खडू उचलला आणि काळ्या कापडावर एक अक्षर काढलं. आयुष्यभर अक्षरं शिवलेला हात, अडखळला नाही. खोडरबरानं कापड आपल्याकडे ओढलं. काचेवर नावं आतून रंगवायची तर उलटी रंगवावी लागतात. उलटं अक्षर तो झोपेत वाचायचा. भावाच्या बसच्या कपाळावरच्या, दिवा लावलेल्या पाटीवरचं हे पहिलं अक्षर होतं, उलटं.

"त्या संध्याकाळी," तो कसाबसा म्हणाला, "वळणावरच्या दुकानात दिवे होते का?"

"कुठले दिवे? सगळीकडची वीज गेली होती की."

आत अंधार असला की काचेचा आरसा होतो, हे काचवाल्याला कुणी सांगायला नको. तो चपला घालायला विसरून निघाला.

रात्री भावाला सांगितलं. भावानं डोक्याची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "म्हणजे मी माझ्याच बसला घाबरलो. लोक जन्मभर हसतील."

"काच माझी आहे. मी साहेबांना तसं सांगतो."

"सांगून काय होतंय? तुझं सांगणं आता कोण धरतो? गाडीत बसव त्यांना."

साहेब आले. दिवेलागणीला दुकान बंद करून आतले दिवे मालवले. रिकामी बस, स्टिअरिंगवर भाऊ, मागच्या सीटवर साहेब आणि चालकाच्या शेजारी खोडरबर. काय दिसणार, कुठून दिसणार, कसं खाली येणार, हे त्यानं साहेबांना वाटेत बारकाईनं समजावलं. बोलणं थांबवतच नव्हता.

सरळ रस्ता लागला. समोर अंधार. मग त्या अंधारात, रस्त्याच्या बरंच वर, तीन दिवे उगवले. दोन खाली, एक वर. वाढत गेले. बस जितकी पुढं, तितके ते खाली उतरत आले, तिच्याहून जोरात, थेट बसच्या काचेवर.

"वळव!" खोडरबर किंचाळला. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो सीटखाली गेला. "वळव, वळव, आलं!"

भावानं वळवली नाही. हळू ब्रेक दाबला. बस थांबली. समोरचे दिवेही थांबले.

"दादा," भाऊ म्हणाला, "ऊठ. आपणच आहोत."

मागं साहेबांनी सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ती त्यांनी सोडली, रुमालानं मान पुसली. "उद्यापासून गाडीवर ये," भावाला म्हणाले. खोडरबराला म्हणाले, "ती काच सरळ करा आधी."

दुसऱ्या दिवशी त्यानं काच उतरवली, सरळ बसवली आणि तिच्यावर पांढरे रुंद पट्टे चिकटवले. मालकानं कुरकुर केली. ती त्यानं ऐकून घेतली.

थांब्यावर भावाला लोक चिडवायचे, "काय, स्वतःच्या सावलीला साइड दिली म्हणे?" भाऊ गिअर टाकत म्हणायचा, "मी निदान स्टिअरिंग धरलं होतं. आमचा दादा सीटखाली होता."

खोडरबराला आजही भुताचं बोलावणं येतं, आणि तो जातो. घूस असली तर घूस म्हणतो. पण 'तुम्हाला दिसलंच नाही' हे त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलेलं नाही. दिवेलागणीला मात्र तो कुठं जात नाही. काम टाकून वळणावर येतो, पट्ट्यांवर हात फिरवून बघतो आणि उभाच राहतो. दुकानाचा मालक खुर्ची देतो, ती घेत नाही. भावाची बस येते, वळते, मागचा लाल दिवा दिसेनासा होतो. मग कुठं तो खिशात वळत धरलेला पुट्टीचा गोळा फेकून देतो आणि घराकडे निघतो.