झाकण हुंगणारा मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोव्यात, हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होते. मामी एवढंच म्हणाली, "सकाळी उठवाया गेले, तर उठलेच न्हाईत." डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. मी गावी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि सगळं आटोपलं होतं. आईवडलांमागे ज्याने मला वाढवलं, त्याचं तोंडही मला दिसलं नाही. आता दीड महिना झाला... मी सातवीतून शाळा सोडलेली बाई, लिहिताना चुकेन. पण गाव मामाबद्दल जे बोलतं, ते तसंच राहू द्यायचं नाही, म्हणून लिहिते.

सोनईजवळच्या आमच्या गावात मामा दूध संकलन केंद्रावर कामाला होता. दुधात फॅट किती हे मशीन सांगायचं, पण दुधाला वास लागलाय का, हे मामाचं नाक सांगायचं. प्रत्येक कॅनचं झाकण उचलून, उलटं करून तो नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि मगच दूध ओतून घ्यायचा. "म्हशीला कांद्याची पात घालतोस व्हय रं? पोरांच्या च्यात भजी तळतोस काय?" असं म्हटल्यावर दूधवाला हसत कबूल व्हायचा. घरीसुद्धा दूध तापवण्याआधी मामी पातेलं त्याच्यापुढे धरायची. "बोला साहेब, पास का नापास?" मामाने "पास" म्हटल्याशिवाय आमच्या घरात चहा होत नसे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो बारा दिवस दवाखान्यात होता. घरी आला, पण नाक आलं नाही. सगळ्यांचं येतं महिन्या-दोन महिन्यांत, म्हणून वाट पाहिली, पण आलंच नाही. तरी केंद्रावर कुणाला न सांगता तो रोज झाकणं हुंगत राहिला, डोळे मिटत राहिला आणि अंदाजाने मान हलवत राहिला. वर्षानुवर्षं दूध घालणाऱ्यांची नावं विसरू लागला. केंद्रावर गर्दी झाली की छातीत धडधडायचं, मग मागच्या बाजूला जाऊन बसायचा. मला फोनवर म्हणाला, "डोक्यात भुसा भरल्यावानी हुतं गं. आन् रडू येतं, कारन नसताना." तपासण्या झाल्या, रिपोर्ट चांगले आले. रिपोर्ट चांगले म्हटल्यावर लोकांना रान मोकळं झालं. "कोविड जगाचा गेला, ह्याचाच जाईना," असं पारावर त्याच्या तोंडावर म्हणायचे. हे म्हणणाऱ्यांतले काही त्याच्या तेराव्याला पुढच्या पंगतीत होते.

शेवटी नगरच्या एका डॉक्टरांनी त्याला मानसोपचाराच्या मॅडमकडे पाठवलं. गावाने लगेच नाव ठेवलं, येड्यांचा दवाखाना. पण त्या मॅडमनी तासभर मामाचं ऐकलं. म्हणाल्या, "हे नाटक नाही आणि तुम्ही भित्रेही नाही. त्या आजाराच्या मागे हे राहतं काही जणांना." मला हे सांगताना मामाचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता. त्यांनी त्याला श्वास सावकाश घ्यायला शिकवलं, एका दमात सगळी कामं करू नका म्हणून सांगितलं. चार बाटल्यांत लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि हिंग घालून रोज हुंगायला कुणी डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते टाळू नका म्हणाल्या. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. केंद्रावर खरं सांगा. झाकण दुसरा कुणी हुंगेल, बाकीचं काम तुम्ही करा. लपवण्यातच तुमची निम्मी ताकद जाते आहे.

मामाने मला विचारलं, "सांगू का गं?"

मी म्हणाले, "कुनाला सांगू नको. उद्या काढून टाकतील."

मी तरी काय करणार होते... आधीच्या हॉटेलात मी ताप आल्याचं खरं सांगितलं, म्हणून मला घरी बसवलं होतं. मला जगाची रीत तेवढीच माहीत. मामाने मॅडमपेक्षा माझं ऐकलं, कारण मी घरची.

पंधरा दिवसांनी एक आंबूस कॅन त्याच्या हातून पास झाला. सगळ्यांच्या दुधात मिसळला आणि भरलेला टँकर डेअरीतून माघारी आला. गावाने मामाला लबाड ठरवलं. "आधी सांगायला काय झालं हुतं?" असं तेही विचारू लागले, जे त्याला नाटकी म्हणत होते. त्याला काढलं. त्यानंतर तो नगरला गेला नाही. मॅडमचे फोन आले, त्याने घेतले नाहीत. "आता काय सांगायचं ऱ्हायलं?" म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. वर्षभर असाच होता.

तेराव्यानंतर मीच मॅडमना फोन केला आणि माझा सल्ला सांगून टाकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांची काळजीच केली होती. तुमची झोप कशी आहे?" त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांनी मला दोष दिला असता, तर बरं वाटलं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसले होते. मामीने पातेल्यावरची ताटली काढली, स्वतः दूध हुंगलं आणि ताटली पुन्हा सरळ झाकली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दवाखान्यातून आल्यापासून असंच करते. दूध चांगलं असलं की ताटली सरळ, वास आला की उपडी. मग त्येंच्यापुढं धरायची. ते ताटलीकडं बघायचे आन् पास का नापास सांगायचे."

"तुमी कधी बोलला न्हाई यावर?"

"न्हाई. त्येंला वाटायचं, ते ताटली बघून सांगत्यात हे मला म्हाईत न्हाई."

मग तिने पातेलं उचललं आणि मामाच्या रिकाम्या पाटापुढे धरलं. सवयीने असेल. सरळ ताटली, वर तिचा अंगठा. ती थांबली... मी हाताच्या अंतरावर होते. एक शब्द म्हणायचा होता. गप्प राहा असं सांगणारी मी, तेव्हाही गप्पच राहिले. मामीने थोडा वेळ वाट पाहिली आणि पातेलं चुलीवर ठेवलं.