शेवटचं कडवं कापू नका

सुपडू आबा गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी पिंप्राळ्याच्या घरी ओट्यावर बसून सहामाहीचे पेपर तपासत होतो. आबांचा मुलगा भिला याचं अक्षर. दोनच ओळी. आबा गेले, उत्तरकार्याला या. ओट्यावरच वाचलं आणि रीतीप्रमाणे तिथेच फाडून टाकलं. पुढचा पेपर ओढला, एका पोराला दहापैकी अकरा गुण देऊन बसलो... तेव्हा कळलं की आपलं काही ठिकाणावर नाही.

चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. टाइप केलेलं, वर रेडिओ केंद्राचा शिक्का. ‘थोर लोकगायकाच्या निधनाने लोकसंगीताची अपरिमित हानी झाली असून आम्ही श्रद्धांजलीपर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करू इच्छितो. आपले सहकार्य मिळावे.’ खाली साहेबांची सही. तीच वळणदार सही. मी मोठ्यांदा हसलो. बायको स्वयंपाकघरातून डोकावली, म्हणाली, “अहो, बरं वाटतंय ना?” इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्याच दुपारी उत्तर लिहिलं: जरूर या. उत्तरकार्याला आबांचा फड बसणार आहे. टेप रेकॉर्डर आठवणीने आणा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, आणि आबांबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. साहेब अजून धडधाकट आहेत, त्यामुळे त्यांना ही सवलत नाही.

आमचं गाव आंबझिरे. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून. आबांच्या आधीची दोन भावंडं जन्मताच गेली, म्हणून हे झाल्यावर त्यांच्या आजीने त्यांना सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. आबा ही गोष्ट परक्या माणसालासुद्धा ऐकवायचे. “माले सुपडामा घाली उकिरडावर ठेवं व्हतं. तठेथाईन उचलं, तं मी रडनू नही, गानं म्हनाले लागनू!” खोटं असणार, पण आबांच्या तोंडून खरं वाटायचं. ते वही गायचे. वही म्हणजे आमच्याकडचं डफावरचं गाणं. दोन फड समोरासमोर बसतात, एक गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. मी मास्तर होण्याआधी, आणि झाल्यावरही सुट्टीत गावी गेलो की, त्यांच्यामागे झील धरायचो, म्हणजे त्यांची ओळ मागून उचलून म्हणायचो. माझा आवाज बेताचाच, पण आबा म्हणायचे, झीलकऱ्याला आवाज नको, इमान पाहिजे. हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.

वहीची एक रीत आहे आणि या लेखाचा सगळा भार तिच्यावर आहे, म्हणून सांगतो. प्रत्येक वहीच्या शेवटच्या कडव्यात ती बांधणाऱ्याचं गाव, गुरू आणि नाव येतं. त्याला छाप म्हणतात. गाणं कुणाचंही म्हणा, ना नाही, पण छाप म्हटल्याशिवाय उठायचं नाही. दुसऱ्याची छाप कुणी गिळलीच, तर ज्याचं गाणं तो उठतो आणि गिळणाऱ्यापुढे डफ पालथा ठेवतो. भांडण नाही, शिवी नाही. पण डफ पालथा पडला की त्या माणसाने कुठल्याच फडात तोंड उघडायचं नाही, जोवर गाण्याचा धनी स्वतःच्या हाताने तो उचलत नाही. आमच्याकडे कोर्टाच्या समन्सला लोक घाबरत नाहीत इतके पालथ्या डफाला घाबरतात.

आबांची सगळ्यात गाजलेली वही पांझरेची. पांझरा नदी नवरी होऊन तापीला मिळायला सासरी निघते, वाटेत गावागावाच्या बाया तिची ओटी भरतात. आठ कडवी. सात नदीची, आठवं छापेचं. आबा ती उभ्याने म्हणायचे, डफ कानाशी धरून, डोळे मिटून. साक्रीच्या बाजारात एकदा वही सुरू झाली आणि मिरच्यावाली बाई तराजू तसाच हातात धरून शेवटपर्यंत उभी राहिली. गिऱ्हाईकही उभंच राहिलं. मला तेव्हा वाटलं, हे साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं पाहिजे. म्हणून रेडिओ केंद्राला पत्र मी लिहिलं. बोलावणं आल्यावर आबांना धुतलेलं धोतर नेसवून एस.टी.त बसवणारा मीच.

साहेब लोकसंगीत विभागाचे. गोड माणूस, पाठीवर हात ठेवून बोलायचे. आबांना गादी लावलेल्या बंद खोलीत बसवलं, डफाचा आवाज फार होतो म्हणून डफावर रुमाल घालायला लावला. आबांनी आठही कडवी म्हटली. साहेब काचेपलीकडून आले आणि म्हणाले, “सुंदर, फारच सुंदर. पण लांबतंय हो. शेवटच्या कडव्यात कथा काहीच नाही, नुसतं नावगाव आहे. ते काढू या.” आबांनी माझ्याकडे पाहिलं... ती नजर मला आजही सहन होत नाही. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “आबा, एक कडवं गेलं तर काय बिघडतं? तुमचं नाव निवेदिका सांगेलच की.” आबा म्हणाले, “सांगी ना नक्की?” साहेबांनी मान डोलावली, मी डोलावली, आणि आबांनी पुन्हा सात कडवी म्हटली. निघताना साहेबांनी शब्द लिहून मागितले. मी मास्तर, माझं अक्षर मोत्याचं! सात कडवी सुवाच्य लिहून दिली आणि खाली माझी सही ठोकली. मूर्खपणाला सही लागत नाही, पण मी केली.

ज्या दिवशी लागणार होतं त्या दिवशी अर्धं आंबझिरे साक्रीच्या चहाच्या दुकानात येऊन बसलं होतं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल एका तज्ज्ञाने जीव नकोसा केला, मग निवेदिका म्हणाली, आता ऐका एक पारंपरिक लोकगीत. आबांचा आवाज आला, दुकानात कुणी बशी खाली ठेवेना. तिसऱ्या कडव्यात पांझरा धुळ्याच्या वेशीशीही पोचली नव्हती, तोच आवाज हळूहळू मंद झाला आणि बाजारभाव सुरू झाले. आबांनी मला विचारलं, “पारंपरिक म्हंजे काय रे मास्तर?” मी चाचरत म्हणालो, “म्हणजे... कुणी बांधलं ते माहीत नाही असं.” आबा म्हणाले, “पन तुले तं माहित शे ना!”

दोन-तीन वर्षांनी तीच वही पुन्हा लागली. पण आबांचा आवाज गायब. सहा शहरी मुली, सतार, व्हायोलिन, आणि पांझरेचा सगळा रांगडा डौल धुऊन काढलेली साजूक मराठी. संकलन आणि संगीत साहेबांचं. लोकांना फार आवडली म्हणे. मग एका संस्थेने साहेबांना लोकसंगीताचा पुरस्कार जाहीर केला, ‘अज्ञात लोकप्रतिभेचा शोध घेतल्याबद्दल’. समारंभ जळगावात. मी आबांना घेऊन गेलो. अज्ञात लोकप्रतिभा दुसऱ्या रांगेत बसली होती, डोक्याला कोसा फेटा बांधून. साहेबांना शाल पांघरवायच्या आधी मी व्यासपीठाशी गेलो आणि म्हणालो, हे गाणं ज्यांनी बांधलं ते इथे बसलेत. कार्यवाह गडबडले. साहेब गडबडले नाहीत. त्यांनी फायलीतून एक कागद काढला आणि माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मास्तर, हे अक्षर तुमचंच ना? ही सहीपण? बघा बरं, यात कुठे कुणाचं नाव आहे?” नव्हतंच. मीच लिहिलं नव्हतं. मी गपचूप जागेवर येऊन बसलो. टाळ्या वाजल्या. त्या साहेबांचं नाव या लेखात नाही, ते याचसाठी. त्यांनी आबांचं नाव कापलं, मी त्यांचं कापतो. नातवंडांना दाखवायला त्यांनी हा अंक जपून ठेवावा.

परतीच्या एस.टी.तून धुळ्याला उतरलो. स्टँडवर आबा म्हणाले, “चोरी त्यानी करी. पन दार तू उघडं ठेवं, मास्तर.” पुढच्या खेपेला गावी गेलो. फड देवळापुढे बसला होता, मी नेहमीच्या जागी जाऊन झील धरायला तोंड उघडणार, तोच आबा उठले. सावकाश आले, आणि माझ्यापुढे डफ पालथा ठेवला. सगळ्या गावासमोर. त्यांची बायको गंगूआक्का बायांत बसली होती, तिने डोळ्याला पदर लावला. मी दीड वर्ष त्या फडात मुका बसलो. जात मात्र राहिलो, दर सुट्टीत. शेवटी कानबाईच्या सणाला, देवीपुढे फड बसलेला असताना आबांनी डफ उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “चाल, म्हन. पयलं नको, शेवटलं म्हन.” मी आठवं कडवं म्हटलं. रडत रडत, बेसूर, पण म्हटलं. आबांनी मला माफ केलं. मी साहेबांना केलं नाही. आबांनाही तसं सांगून टाकलं होतं, आणि आबांनी करही म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. नुसते मिशीत हसले.

उत्तरकार्याला साहेब आले. सोबत मशीन सांभाळणारा एक माणूस. फडाचा म्होरक्या गेला की त्या दुपारी मांडवात त्याची गाणी म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे आजूबाजूच्या गावांचेही फड जमले होते. मी चार पानांचं भाषण खिशात घालून गेलो होतो, असं झणझणीत की दोन रात्री त्याच्यासाठी जागलो होतो. त्याची गरजच पडली नाही. साहेब आबांच्या फोटोला हार घालून माईकशी गेले आणि म्हणाले, “पांझरेचं ते अमर गीत मी जेव्हा शोधलं...” बायांमधून गंगूआक्काचा आवाज आला, “साहेब, तुमीच शोधं ना हाई गानं? मंग तुमीच म्हना. आमी बठ्ठा आयकतस.”

साहेबांना वाटलं, केवढा हा मान. त्यांनी घसा साफ केला. खोटं कशाला सांगू, आवाज बरा होता. भिलाने डफ धरला, चार फडांनी झील धरली, आणि साहेबांनी एकामागून एक सातही कडवी म्हटली. पांझरा तापीला मिळाली. साहेबांनी हात जोडले. पण डफ थांबेना. भिला आठव्या कडव्याचा ठेका वाजवत राहिला, झीलकरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. गंगूआक्का म्हणाली, “थांबा. आजून शे.” साहेब हसले, “नाही आक्का, सातच आहेत.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जळगावला पाहिलं होतं तसंच. मी उठून म्हणालो, “लिहून मी सातच दिली होती, साहेब. पण आठवं आबांनी तुमच्यासमोर म्हटलं होतं. तुम्ही ते ऐकलं होतंत. आठवा.”

साहेब आठवत होते हो! खरंच आठवत होते. ओठ हलत होते. सबंध मांडव वाट पाहत होता, मशीनची चाकं फिरत होती. एक शब्द आठवला नाही त्यांना. भिलाने ठेका थांबवला, पुढे आला, आणि बापाच्या वतीने बापाचा डफ त्यांच्यापुढे पालथा ठेवला. साहेबांनी हळू आवाजात मला विचारलं, याचा अर्थ काय. मी सांगितला, अगदी रेडिओवरच्यासारख्या स्वच्छ मराठीत, म्हणजे समजण्यात चूक नको. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तरी उसनं हसून ते म्हणाले, “बरं, चुकलं आमचं. उचला आता.” भिलाने आईकडे पाहिलं. गंगूआक्का जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, “उचलनारा गया, साहेब.”

साहेब न जेवता गेले. मला दया आली का? नाही आली. मी पंगतीत बसून दोनदा भात मागून घेतला. तो श्रद्धांजलीचा कार्यक्रम अजून लागलेला नाही आणि लागायचाही नाही, कारण त्या टेपवर जे आहे ते कापायला बसलं तर काहीच उरणार नाही.

आता संपादकांना हात जोडून एक विनंती. पुरवणीत जागा कमी पडते, लेख छाटावे लागतात, मला ठाऊक आहे. तुम्ही लोक नेहमी खालून छाटता. हा लेख वरून छाटा. माझा ओटा छाटा, बोंडअळी छाटा, साहेबांची फजिती मला जिवापाड प्रिय आहे, ती छाटली तरी चालेल. पण खालच्या चार ओळींना कात्री लावाल, तर याद राखा, आंबझिऱ्याहून डफ घेऊन तुमच्या कचेरीत येईन.

डोंगरना कुशीमा शे आंबझिरं गाव,
लोटन गुरूनी दिधा सूर आनि ठाव,
गानं म्हनी जो कोनी, त्यानी लेवं नाव...
सुपडूनी बांधं, भाऊ, सुपडूनी बांधं.