सलग पडवी

वादळ येऊन गेलं त्या वर्षी माझं ऑफिस दापोलीत औषधाच्या दुकानावरच्या खोलीत होतं, अजून तिथेच आहे. विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या, बागायतदारांचे बंगले असल्या बांधकामांचे नकाशे मी काढायचे. केळशीच्या ग्रामपंचायतीतल्या एका बाईंचा फोन आला. खाडीकडच्या आळीतली घरं उघडी पडलीत, नव्याने बांधायची आहेत, येऊन मापं घ्याल का? मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने गेले.

सात घरांची एकच रांग होती. सगळी मासेमारीवर जगणारी माणसं. घरांच्या मधल्या भिंती सामाईक होत्या, छप्पर एक होतं आणि समोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पडवी गेलेली. मध्ये ना कठडा, ना दार. पावसाळ्यात पहिल्या घरातून निघालेला माणूस डोकं न भिजवता सातव्या घरात पोचायचा. आळी किती जुनी ते कुणालाच सांगता आलं नाही. बसणाऱ्यांच्या पाठी घासून घासून भिंतीचे चिरे कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झाले होते. वादळात कौलं उडाली, मागचे माड आढ्यावर पडले. मी गेले तेव्हा सगळीकडे निळी ताडपत्री होती आणि ती वाऱ्याने फडफडत होती.

टेपचं दुसरं टोक धरायला पहिल्या घरातली म्हातारी पुढे आली. तिची धाकटी सख्खी बहीण त्याच आळीत शेवटच्या घरात दिलेली. धाकटीची नजर जवळजवळ गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. आम्ही माप घेत असतानाच ती पडवीतून खांबाखांबाला हात लावत आली आणि न चुकता थोरलीच्या दारात येऊन बसली.

"मावशी, जपून. कौलांचे तुकडे पडलेत," मी म्हटलं.

"डोळे गेले गो बाय, हात हायत ना," ती म्हणाली.

थोरलीने तिच्यापुढे कोळंबीची पाटी सरकवली. दोघी सोलायला लागल्या. मी दुपारपर्यंत तिथे होते. त्या दोघी एकमेकींशी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या पावसाळ्यात मी दुसरं काम जवळजवळ घेतलंच नाही. शाबूत होत्या त्या भिंती ठेवायच्या, त्यांच्या डोक्यावरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, वर लोखंडी सांगाडा, त्याला तारेने आवळलेली कौलं. मागच्या अंगाला प्रत्येकाचं न्हाणीघर आणि संडास. मुंबईहून येणाऱ्या मुलासुनांसाठी छपराखाली पोटमाळ्याची खोली. पडवी मात्र होती तशी, सलग. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं आणि एस.टी.त मांडीवर धरून नेलं. आळीतली माणसं त्याभोवती जमली. छप्पर उचलून जो तो आपलं घर शोधायला लागला. धाकटीने बोटांनी चाचपत खांब मोजले आणि म्हणाली, "ही पडवी ना? मंग झालं." मी त्या दिवशी परत येताना इतकी खूश होते की आंजर्ल्याच्या पुलावर गाडी बंद पडून खोळंबली तेही मला बरं वाटलं.

नंतर परवानगीच्या ऑफिसात गेले. तिथला अधिकारी तरुण होता, बोलायला चांगला. त्याने नकाशे मन लावून बघितले.

"डिझाइन सुंदर आहे, मॅडम. पण ही मधली भिंत कुणाची?"

"दोघांची."

"दोघांची असं चालत नाही. एक घर, एक मालक, चारी बाजूंनी मोकळी जागा. वादळाची सरकारी मदतही तशीच मिळते, घरटी."

"पण ही आळी नियमांच्या आधीची आहे."

"म्हणून तर पडली असं म्हणतील," तो हसून म्हणाला. मग जरा ओशाळला. सातही घरांच्या सगळ्या वारसांची संमती आणलीत तर वरती विचारून बघतो, असं त्याने सांगितलं.

वारस मुंबईत होते, आखातात होते, एकाचा तर तो घर सोडून गेल्यापासून पत्ताच नव्हता. मी फोन करत राहिले. काहींनी सही दिली, काहींनी आधी आमचा वाटा ठरवा म्हटलं. ताडपत्रीखाली त्या माणसांचा दुसरा पावसाळा आला. भिंतींवर शेवाळ चढलं. शाबूत म्हणून मी नकाशात धरलेली एक भिंत आषाढात बसली. प्रत्येक खेपेला आळीत जाताना मला कोणी काही विचारू नये असं वाटायचं. आणि खरंच, हळूहळू ती माणसं विचारेनाशी झाली.

गणपतीला धाकटीचा मुलगा मुंबईहून आला. त्याने मला बोलावून घेतलं. पडवीत खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाला, "ताई, मला स्लॅबचं घर काढून द्या. चारी बाजूंनी सुटं. परवानगी लगेच मिळेल."

मी त्याला पट्टा, तारा, सांगाडा सगळं परत समजावून सांगितलं. त्याने मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "वादळात आई पलंगाखाली होती. एकटी. कौलं उडत होती आणि तिला दिसत नव्हतं काय पडतंय ते. मी फोन लावत होतो, लागत नव्हता. मी तिला परत कौलाखाली झोपवणार नाही."

"या वेळी नाही उडणार."

"लिहून द्याल?"

 कोण लिहून देईल? थोरली बहिणीच्या दारात बसून ऐकत होती.  त्याचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्याचं घर मीच काढलं. निदान जोत्याची उंची जुन्या पडवीइतकी ठेवू, दर्शनी भाग रांगेत ठेवू, पुढे कौलांची एक पट्टी देऊ, एवढं मी मागितलं. तो हो म्हणाला. पण भरतीचं पाणी वाढतंय म्हणून ठेकेदाराने जोतं कमरेइतकं उचललं, आणि त्यातही तथ्य होतं. मग पायऱ्या आल्या. मागाहून ग्रिल आली, फाटक आलं. कौलांच्या पट्टीला ठेकेदार टोपी म्हणायचा. "मॅडमची टोपी शेवटी बघू," म्हणत म्हणत ती राहूनच गेली.

शेजारच्या घराने ते बघितलं, मग त्याच्या शेजारच्याने. सगळे माझ्याकडेच आले, कारण मापं माझ्याकडे होती. दोन घरांच्या मध्ये आता हातभर बोळ राहिला. त्यात ऊन जात नाही. सांडपाणी साचतं, प्लास्टिक अडकतं, आणि कुणाचा बोळ कुणी साफ करायचा यावरून भांडणं होतात. जिथे भिंत दोघांची होती तिथे कधी भांडण ऐकलं नव्हतं, असं थोरलीचा मुलगा एकदा म्हणाला. तो मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी आहे, मोजकंच बोलतो.

धाकटी नव्या घरातून सकाळी निघायची ती पायऱ्या उतरून रस्त्याने. रस्त्यावर धरायला काही नव्हतं. थोडे दिवस थोरली तिला आणायला जायची, पण तिचे गुडघे त्या पायऱ्यांना पुरेनात. एका सकाळी कुणाला न सांगता धाकटी निघाली. दोन घरांच्या मध्ये खांबासाठी हात पुढे केला आणि बोळात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मुलाने तिला मुंबईला नेलं. ती तिथेच आहे, सातव्या मजल्यावर. सून चांगली आहे, सगळं करते. केळशीचं घर त्याने पर्यटकांना द्यायला काढलं. शनिवार-रविवारी पुढे गाड्या उभ्या असतात.

मागे मी गेले होते तेव्हा थोरलीला बहिणीचा फोन आला. नातसुनेने स्पीकर लावून फोन तिच्यापुढे धरला.

"जेवलीस?" थोरलीने विचारलं.

"जेवले. तू?"

"जेवले."

मग दोघी थांबल्या. पलीकडून मुंबईतल्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. शेजारी बसून गप्प राहणं त्यांना जन्मभर जमलं होतं, पण फोनवर गप्प राहता येत नाही. नातसून म्हणाली, "बोल ना गो आजी." थोरलीने फोनकडे बघितलं, परत विचारलं, "जेवलीस?" आणि मग पलीकडून कुणीतरी फोन ठेवला.

  थोरली पाटी ओढून बसली, पण तिचे हात चालत नव्हते.

जुन्या रांगेतलं आता तिचंच एक घर उरलं होतं. एका बाजूची सामाईक भिंत शेजाऱ्याने काढल्यापासून ते कलत चाललं होतं, टेकू लावून ठेवलेलं. तांडेलाने मला बाजूला घेतलं.

"आता आमचं पण तसंच काढा. इलाज न्हाय," तो म्हणाला.

त्याच दिवशी मी जागा परत मोजली. थोरली टेप धरायला आली नाही. नकाशा काढून घेऊन गेले तेव्हा मात्र तिने तो समोर पसरायला सांगितला. तिची खोली कुठली ते मी बोट ठेवून दाखवलं.

"ही काय?"

"खिडकी, मावशी. तुमच्या पलंगाशेजारी."

"पल्याड काय?"

"बोळ. मग त्यांची भिंत."

तिने जरा विचार केला. "मंग ती नको काढूस," म्हणाली. "वास येल नुसता."

नियमाप्रमाणे खिडकी ठेवावी लागते, ती नकाशात आहे. परवानगी लगेच मिळाली, कुणी एक शंकासुद्धा काढली नाही. दिवाळीनंतर घर पाडायला घेतील.